सरते ती शीर

डोळ्यांच्या दवाखान्यात आलेला मराठी माणूस सहसा ‘रेटिना’ म्हणत नाही, तो ‘पडदा’ म्हणतो. पडदा सरकला, पडद्यावर रक्त उतरलं, साखरेने पडदा खराब केला. शब्द फारसीतला आणि त्याचा पहिला अर्थ आडोसा. ज्या थरावर उजेड उमटतो आणि ज्याच्यामुळे आपल्याला दिसतं, त्याला आडोशाचं नाव कसं पडलं असेल? नाटकाचा पडदा झाकतो, सिनेमाचा पडदा दाखवतो. मराठीत हे दोन्ही अर्थ एका शब्दात नांदतात आणि डोळ्यातल्या पडद्याने त्यातला दुसरा उचलला आहे. रुग्ण हा शब्द बिनचूक वापरतात.

शाळेच्या पुस्तकातला शब्द ‘दृष्टिपटल’. त्यातल्या ‘पटल’चंही असंच काहीसं झालेलं आहे. संस्कृतात पटल म्हणजे आच्छादन, छप्पर, थर. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याची पटलं मोजली आहेत, आणि दोष एकेका पटलात शिरत गेला की नजर कशी मंदावत जाते याचं वर्णनही तिथे आहे. हाच पटल लोकांच्या तोंडी घासून ‘पडळ’ झाला. डोळ्यावर पडळ आलं म्हणजे दिसेनासं झालं. एकाच शब्दाचं पुस्तकी रूप पाहणाऱ्या थराला मिळालं, बोलीतलं रूप पाहणं अडवणाऱ्या थराला. तिसरं घर सभागृहात आहे. तिथे कागदपत्रं ‘पटलावर’ ठेवतात ती सगळ्यांनी पाहावीत म्हणून.

मराठी विश्वकोशाने मात्र वेगळा शब्द पसंत केला, ‘जालपटल’. माझा कल याच शब्दाकडे आहे. तो रूक्ष वाटतो आणि बोलण्यात कुणी वापरत नाही, हे खरं. पण त्याच्या मागे दोन हजार वर्षांहून लांब वाट आहे. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हेरोफिलस नावाचा वैद्य प्रेतांचं विच्छेदन करत असे. डोळ्यातल्या या थराची तुलना त्याने फेकायच्या जाळ्याशी केली, असं पुढच्या ग्रीक लेखकांनी नोंदवून ठेवलं आहे. कोकणात ज्याला पाग म्हणतात तसलं जाळं. त्याचा ग्रीक शब्द नवव्या शतकात बगदादचा भाषांतरकार हुनैन इब्न इसहाक याच्या काळात अरबीत गेला आणि ‘शबकिया’ झाला. शबका म्हणजे जाळं. बाराव्या शतकाच्या आसपास अरबी वैद्यकाची लॅटिन भाषांतरं झाली तेव्हा ‘रेटे’, म्हणजे जाळं, या शब्दावरून ‘रेटिना’ घडला. आपल्या विश्वकोशातला ‘जाल’ हा त्या प्रवासातला पुढचा मुक्काम.

हेरोफिलसला त्या थरात जाळं दिसलं तरी कसं? रक्तवाहिन्यांच्या नक्षीमुळे, असं आज कुणालाही वाटेल. मला आकाराचं कारण अधिक पटतं. पाग फेकला की तो गोल पसरतो आणि त्याची दोरी मधोमध वर असते. डोळ्यातला हा थरही दृष्टीच्या चेतेतून, म्हणजे त्या दोरीतून, सगळीकडे पसरत जातो आणि आतल्या पारदर्शक गराला वेढतो. उघड्या डोळ्यांना त्यात वाहिन्यांचं बारीक जाळं दिसायची सोयच नव्हती. केसाहून बारीक वाहिन्या पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो. मार्चेलो मालपिगीने बेडकाच्या फुप्फुसात त्या पहिल्यांदा पाहिल्या १६६१ साली. तरीही जाळ्याचं नाव टिकून राहिलं, आणि आता एका यंत्राने ते शब्दशः खरं केलं आहे. त्या यंत्राकडे येण्याआधी एका ग्रंथीची ओळख करून घ्यायला हवी, कारण या जाळ्यात काय बदलतं हे समजायचं तर सुरुवात तिथून होते.

ही ग्रंथी मेंदूच्या बुडाशी लोंबते. तिचं वजन साधारण अर्धा ग्रॅम. ती ज्या हाडाच्या खळग्यात बसते त्याला शरीरशास्त्रात ‘तुर्की खोगीर’ म्हणतात, कारण खळग्याच्या पुढच्या आणि मागच्या कडा तुर्कांच्या खोगिराच्या उंच कडांसारख्या वर आलेल्या असतात. ते हाड म्हणजे जतुकास्थी. जतुका म्हणजे वटवाघूळ, आणि कवटीतून सुटं काढलेलं हे हाड खरोखरच पंख पसरलेल्या वटवाघळासारखं दिसतं. युरोपात त्याचं नाव पाचरीवरून पडलं आहे. इथे मला आपल्याकडच्या नामकरणाची नजर अधिक तीक्ष्ण वाटते.

ग्रंथीचं इंग्रजी नाव ‘पिट्युटरी’. हे नाव एका चुकीच्या समजुतीतून जन्मलं. लॅटिनमध्ये ‘पिट्युइटा’ म्हणजे कफ, शेंबूड. मेंदूत तयार होणारा कफ या ग्रंथीतून गाळून नाकात आणि घशात उतरतो, असं गेलेन या ग्रीक वैद्याने दुसऱ्या शतकात मांडलं. १५४३ साली आंद्रेआस वेसालियस या शरीरशास्त्रज्ञाने गेलेनच्या कितीतरी चुका दुरुस्त केल्या. या ग्रंथीचं वर्णन मात्र त्यानेही मेंदूचा कफ स्वीकारणारी ग्रंथी असंच केलं. सर्दीचा उगम मेंदूत नाही हे पुढे कळलं. १७७८ साली सोमरिंग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने ‘हायपोफिसिस’ हे नाव दिलं. त्याचा अर्थ खाली उगवलेलं, आणि त्यात कफाचा मागमूस नाही. पण जगाने कफच जपला.

मराठीत या ग्रंथीची दोन नावं आहेत. विश्वकोश म्हणतो ‘पोष ग्रंथी’, पाठ्यपुस्तकं म्हणतात ‘पियुषिका’. ‘पोष’ अर्थाच्या बाजूने चोख आहे, कारण ही ग्रंथी गळ्यातल्या, मूत्रपिंडावरच्या आणि जननसंस्थेच्या ग्रंथींना कामाला लावते आणि शरीराची वाढ घडवते. ‘पियुषिका’ पहिल्यांदा ऐकताना केवळ नाद जुळवलेला वाटतो. पि-ट्यु, पी-यू. पण थोडं खणलं की हा शब्द फार समृद्ध निघतो.

पीयूष म्हणजे अमृत, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आपल्याकडे श्रीखंड आणि ताक घुसळून, वर केशर-जायफळ घालून जे पितात तेही पीयूष. पण शब्दाचा जुना अर्थ गोठ्यातला आहे. व्यायलेल्या गाईचं पहिल्या काही दिवसांचं दाट दूध, म्हणजे ज्याला आपण चीक म्हणतो आणि ज्याचा खरवस करतो, ते पीयूष. अमरकोशात ताजं दूध आणि अमृत असे दोन्ही अर्थ सापडतात. शब्दाच्या तळाशी फुगणं, भरून येणं अशा अर्थाचा धातू आहे. पयस् म्हणजे दूध, पीन म्हणजे भरलेलं, पीवर म्हणजे पुष्ट हे त्याच कुळातले. आणि आता लॅटिनकडे पाहा. ‘पिट्युइटा’ हा शब्द कफाला वापरत तसाच झाडातून पाझरणाऱ्या चिकालाही वापरत. अनेक भाषाशास्त्रज्ञ तो याच फुगण्या-भरण्याच्या मूळ धातूशी जोडतात. राळ देणाऱ्या पाइनच्या झाडाचं नावही त्यांनी त्याच कुळात बसवलं आहे, आणि वैदिक वाङ्मयातला ‘पीतुदारु’ हा वृक्षही. ही जोडणी मान्य केली तर कफ आणि अमृत हे दूरचे भाऊबंद ठरतात. मराठीत चिकटलेलं नाव बाहेरून आणलेलं नाही, ते त्याच घराच्या दुसऱ्या दारातून आत आलेलं आहे.

दुधाचा धागा इथे संपत नाही. १९२८ साली स्ट्रासबर्गमध्ये श्ट्रिकर आणि ग्र्यूटर यांनी या ग्रंथीच्या अर्काने सशांमध्ये दूध उतरतं हे दाखवलं. त्या द्रव्याला पुढे ‘प्रोलॅक्टिन’ नाव मिळालं. या ग्रंथीच्या ज्या गाठी स्वतः हार्मोन बनवतात त्यात प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या सर्वांत जास्त. त्यामुळे मूल झालेलं नसतानाही स्तनातून दूध येऊ शकतं, पाळी थांबते. बायकांमध्ये ही खूण लवकर जाणवते आणि गाठ लहान असतानाच सापडते. पुरुषांमध्ये लक्षणं मोघम असतात, ती इतर कशावर तरी ढकलली जातात, आणि तोवर गाठ वर चढते. ज्याने ‘पियुषिका’ हा शब्द घडवला त्याच्या मनात गोठ्यातलं पीयूष होतं की नाही, शब्दाला ते ओझं पेलतं एवढं खरं.

‘गाठ’ या शब्दाशी तर थांबायलाच हवं. संस्कृतात ग्रंथि म्हणजे दोरीला मारलेली गाठ, बांबूचं पेर. ताडपत्रं ओवून बांधतात तो ग्रंथ. ग्रंथि प्राकृतातून घसरत मराठीत ‘गाठ’ झाली. म्हणजे ‘ग्रंथीची गाठ’ म्हणताना आपण एकच शब्द दोनदा उच्चारतो, एकदा विद्वानाच्या तोंडून आणि एकदा घरच्या. सुश्रुताने ग्रंथी आणि अर्बुद यांचा निदानस्थानात शेजारी शेजारी विचार केला आहे. तिथे ग्रंथी हा आजार आहे, आजच्या अर्थाचा अवयव नाही. अवयवाला ग्रंथी म्हणणं अलीकडचं. युरोपातही असंच घडलं. लॅटिन ‘ग्लांड्युला’ म्हणजे ओकच्या झाडाचं छोटं फळ, आणि अवयवाला ते नाव आकारावरून मिळालं.

रुग्णाला जेव्हा सांगतात, ‘मेंदूत गाठ आहे’, तेव्हा त्याच्या घरात काय होतं हे सांगायची गरज नाही. मराठीत गाठ पडते म्हणजे भेट होते, लग्नाची गाठ बांधतात, पदराला गाठ मारतात. पण दवाखान्यात हा शब्द कॅन्सरचाच होतो. पोष ग्रंथीच्या बहुतेक गाठी शरीरात इतरत्र पसरत नाहीत. शिवाय ही ग्रंथी मेंदूच्या गाभ्यात नसून खाली, स्वतंत्र खळग्यात असते. ‘मेंदूखालच्या ग्रंथीची गाठ’ असं म्हटलं तर एकच शब्द वाढतो आणि भीतीचा मोठा भाग कमी होतो. जगभरच्या डॉक्टरांतही नावावरून असाच वाद झाला. आजवर या गाठींना ‘अ‍ॅडेनोमा’ म्हणत, ‘अ‍ॅडेन’ म्हणजे ग्रीकमध्ये ग्रंथी. २०१७ साली विकृतिशास्त्रज्ञांच्या एका गटाने ‘पिट्युटरी न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’ हे नाव सुचवलं आणि २०२२ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने ते घेतलं. कारण काही गाठी आजूबाजूला शिरतात आणि जुनं नाव त्यांना फार सौम्य ठरतं. हार्मोनतज्ज्ञ आणि शस्त्रक्रिया करणाऱ्यांपैकी अनेकांनी विरोध केला. ज्या बहुसंख्य रुग्णांची गाठ आयुष्यभर निरुपद्रवी राहते, त्यांना ‘ट्यूमर’ हा शब्द का ऐकवायचा, असं त्यांचं म्हणणं. मला विरोधकांचं पटतं. रोगाचं नाव प्रयोगशाळेतून निघालं तरी राहायला रुग्णाच्या घरी जातं.

गाठ वाढली की ती वर सरकते, आणि वर थोड्याच अंतरावर दोन्ही डोळ्यांच्या चेता एकमेकींना छेदतात. या जागेचं वैद्यकीय नाव ‘चायझम’. ते ग्रीक अक्षर ‘खी’वरून आलं, कारण त्याची आकृती फुलीसारखी. मराठीत याहून चांगला शब्द कुठला हवा? फुली. प्रत्येक डोळ्यातून दहा-बारा लाख तंतू निघतात. त्यातले नाकाकडच्या अर्ध्या पडद्यातून आलेले फुलीपाशी पलीकडे जातात, कानशिलाकडचे आपल्याच बाजूला राहतात. गेलेनने फुली पाहिली होती, पण तंतू एकमेकांना ओलांडतात हे त्याने मानलं नाही. ते अर्धेच ओलांडतात ही कल्पना न्यूटनने १७०४ च्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात प्रश्नाच्या रूपाने मांडली.

गाठ फुलीला खालून, मधोमध रेटते. ओलांडणारे तंतू नेमके तिथेच असतात. पडद्याच्या नाकाकडच्या भागाला बाहेरच्या बाजूचं दृश्य दिसतं, म्हणून दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू जायला लागते, आणि बहुधा सुरुवात वरच्या कोपऱ्यातून होते. अशा माणसाचं पाहणं टांग्याच्या घोड्याला लावलेल्या झापडांसारखं होतं. समोरचं स्वच्छ दिसतं, वाचता येतं, तक्त्यावरची शेवटची ओळही म्हणता येते, आणि चौकटीला खांदा आपटतो. समोरची नजर शाबूत असल्यामुळे तो स्वतः डॉक्टरांकडे जातच नाही. ‘झापडबंद’ हा शब्द आपण विचारांसाठी राखून ठेवला आहे. डोळ्यांच्या वर्णनात तो परत आणायला हवा.

ही झीज मोजायची जुनी पद्धत म्हणजे दृष्टिक्षेत्राची तपासणी. रुग्ण तिला ‘फील्ड’ म्हणतात. ठिपका दिसला की बटण दाबायचं. ती रुग्णाच्या लक्षावर आणि उत्तरावर अवलंबून असते, आणि तंतूंचं बरंच नुकसान झाल्यावरच त्यात खड्डा उमटतो. त्याआधी काही कळेल का, या प्रश्नाने गेल्या दशकात डॉक्टरांना पडद्यातल्या रक्ताकडे वळवलं.

इथे मराठीचे तीन शब्द कामाला येतात. इंग्रजीत रक्त वाहून नेणाऱ्या नळीला ‘व्हेसल’ म्हणतात, म्हणजे भांडं. ‘अँजिओ’ हा ग्रीक शब्दही भांड्याचाच. हृदयाच्या ‘अँजिओग्राफी’मुळे तो आता खेडोपाडी पोचला आहे. आपली ‘वाहिनी’ म्हणजे वाहून नेणारी. आणि ‘शीर’ ही ‘सिरा’पासून आली. चरकसंहितेत सिरा या नावाची फोड अशी दिली आहे की सरणं, वाहत जाणं, यामुळे ती सिरा. त्याच ‘सृ’ धातूपासून ‘अभिसरण’. रक्ताभिसरण म्हणताना अभिसारिकेचा ‘अभिसार’ त्याच शब्दात दडलेला असतो. प्रियाकडे निघणं, कुणाच्या तरी दिशेने जाणं. विल्यम हार्वेने १६२८ साली रक्त वर्तुळात फिरतं हे सिद्ध केलं. इंग्रजी शब्दात ते वर्तुळ आहे, आपल्या शब्दात नाही. पण पेशीकडे जाणं हे रक्ताचं कामच असल्याने मला आपला शब्द उणा वाटत नाही.

भांडं रिकामं असलं तरी भांडंच राहतं. सरणं थांबलेली शीर मात्र व्याख्येने शीर उरत नाही. नवं यंत्र अगदी याच व्याख्येने चालतं. १९९१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ओसीटी या तंत्राचा शोधनिबंध आला. प्रकाशाच्या परावर्तनावरून पडद्याचे काप, खरं कापल्याशिवाय, पाहण्याची ती युक्ती. तिचा पुढचा टप्पा म्हणजे ओसीटी अँजिओग्राफी. आधी अशा चित्रासाठी शिरेतून फ्लुओरेसीन हा रंग टोचावा लागे. ती पद्धत नोव्होत्नी आणि अल्विस यांनी १९६१ साली प्रसिद्ध केली होती. काहींना त्याने मळमळतं, क्वचित मोठी अ‍ॅलर्जी येते. नव्या यंत्राला रंग लागत नाही. ते एकाच जागेचे काप काही मिलिसेकंदांच्या अंतराने पुन्हा पुन्हा घेतं आणि त्यांची तुलना करतं. जे स्थिर आहे ते सगळ्या कापांत तसंच राहतं. जिथे तांबड्या पेशी हलल्या तिथे फरक पडतो, आणि तो फरक म्हणजेच चित्र. थोडक्यात, हे यंत्र नळी पाहत नाही, सरणं पाहतं. म्हणूनच प्रवाह फार मंदावला तर वाहिनी जागेवर असूनही चित्रात दिसत नाही. चित्रातला काळा भाग पाहून ‘वाहिनी नष्ट झाली’ असं म्हणणं घाईचं असतं.

हे जाळं पोष ग्रंथीच्या गाठीच्या रुग्णांत तपासलं तेव्हा काय दिसलं? फुलीवर दाब आलेल्यांमध्ये दृष्टीच्या चेतेच्या तोंडाभोवतीचं बारीक वाहिन्यांचं जाळं विरळ झालेलं आढळतं. जिथून तंतू फुलीकडे ओलांडायला जातात त्या नाकाकडच्या अर्ध्या पडद्यात ही विरळता विशेष दिसते. काही अभ्यासांत, फील्ड अजून पूर्ण असलेल्या रुग्णांतही असे बदल मिळाले. पेशींच्या थराचं पातळ होणं आधी येतं की प्रवाहाचं मंदावणं, यावर संशोधकांचं एकमत नाही. कारणमीमांसा मात्र बरीच पटण्यासारखी आहे. पडद्याचं रक्त नेत्रधमनीच्या फाट्यातून, डोळ्याच्या मागूनच येतं. गाठ फुलीपाशी असते, या वाटेवर ती उभी नसते. मग रक्त का कमी होतं? दाबलेला तंतू मागे मागे, आपल्या पेशीपर्यंत कोमेजत जातो. पेशीची भूक कमी झाली की तिच्याकडे जाणारं रक्तही कमी निघतं. ‘अभिसरण’ हा शब्द इथे नेमका बसतो. ज्याच्याकडे जायचं तोच क्षीण झाला की निघणंही मंदावतं.

याचा व्यवहारात उपयोग होतो. शस्त्रक्रिया नाकातून, जतुकास्थीतून वाट काढून करतात. इन्सब्रुकच्या हेरमान श्लोफरने ती पहिल्यांदा १९०७ साली केली. प्रोलॅक्टिनच्या गाठींना बऱ्याचदा शस्त्रक्रिया लागतच नाही, कॅबरगोलिनसारख्या गोळ्यांनी त्या आकसतात. दाब हटल्यावर नजर किती परत येईल हा रुग्णाचा पहिला प्रश्न असतो. आधी चेतातंतूंचा थर जितका जाड शिल्लक असेल तितकी आशा जास्त, हे ओसीटीच्या अभ्यासांनी दाखवलं आहे. प्रवाहाची मोजणी त्या अंदाजात भर घालेल का, हे तपासणं चालू आहे.

आता अहवालातला शब्द. यंत्र एक टक्केवारी छापतं. पडद्याच्या दिलेल्या तुकड्यात प्रवाह असलेल्या वाहिन्यांनी किती जागा व्यापली आहे, हे ती सांगते. तिला इंग्रजीत ‘व्हेसल डेन्सिटी’ म्हणतात आणि मराठीत कुणी भाषांतर केलंच तर ‘वाहिनी घनता’ होईल. हा शब्द मला बद्द वाटतो. घनता म्हटल्यावर शाळेतलं वस्तुमान आणि आकारमान आठवतं. आपल्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांकडे याला हवा तसा शब्द तयार आहे, ‘आस’. जाळ्यातल्या एका चौकोनी डोळ्याला ते आस म्हणतात. किती मोठ्या आसाचं जाळं वापरायचं यावर मासेमारीचे नियम ठरतात, लहान मासळी सुटावी म्हणून. जालपटलाच्या अहवालात हा शब्द शोभेल. ‘तुमच्या पडद्याच्या नाकाकडच्या बाजूचे आस मोठे झाले आहेत, फील्ड अजून ठीक आहे, तेव्हा ग्रंथीचा एमआरआय करून घेऊ’ हे वाक्य मालवणच्या रुग्णाला आणि पुण्याच्या रुग्णाला सारखंच कळेल. उपचारानंतरही तो शब्द उपयोगी पडेल. दाब गेल्यावर अनेकांचं फील्ड उघडतं, काहींचं दिवसांत, काहींचं महिन्यांत. पण जे तंतू मेले त्यांचा थर भरून येत नाही. तेव्हा पुढच्या तपासणीत ‘दिसायला सुधारलं, आस तेवढेच राहिले’ असं डॉक्टरांना सांगता येईल, आणि त्यातल्या पहिल्या अर्ध्याची खात्री रुग्णाला स्वतःच पटलेली असेल.